स्लाईम, गवार आणि टाकणखार: ‘खाल्लं तरी चालेल’ची गोष्ट

घरात पाच ते बारा वर्षांचं मूल असेल तर स्लाईम म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सोफ्याच्या शिवणीत, दप्तराच्या तळाशी आणि एकदा तरी कुणाच्या तरी केसांत ते तुम्हाला सापडलेलं आहे. ज्यांच्या घरी अजून पोचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: धड पातळ नाही, धड घट्ट नाही असा तो लिबलिबीत गोळा असतो. हळू ओढला तर लांबत जातो, झटक्यात ओढला तर तुटतो, आणि टेबलावर ठेवून दिला की आपोआप पसरतो.

मी पीएचडीसाठी गेली चार वर्षं गवार गमचे जेल बनवते आहे. पोटात औषध एकदम न सुटता सावकाश सुटावं, यासाठी असे जेल कामाला येतात. नातेवाइकांना हे समजावून सांगितलं की ठरलेली प्रतिक्रिया येते, “म्हणजे स्लाईमच की!” आणि ते फारसं चूक नाही. त्याच्या पाठोपाठ लहान मुलं असलेल्या घरांतून दुसरा प्रश्न येतो: व्हिडिओत दाखवतात ते खाण्याजोगं स्लाईम घरी केलं तर चालेल का? उत्तर आहे ‘हो, पण’. त्यातलं ‘हो’ एका ओळीत संपतं. ‘पण’ला मात्र सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत असला की कुठलीही नवी रेसिपी समोर आली तरी काय विचारायचं ते कळतं. म्हणून आज रेसिपी शेवटी, इतिहास आधी.

सुरुवात गवारीपासून करू. हो, तीच आपली भाजीची गवार. स्लाईम या नावाचं खेळणं पहिल्यांदा बाजारात आणलं ते अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने, १९७६ साली. बार्बी बाहुलीची कंपनी ती हीच. कचऱ्याच्या डब्याच्या आकाराचा छोटा प्लास्टिकचा डबा आणि त्यात हिरवागार चिकट गोळा. मुलांना हवी असलेली ‘ईऽऽ’ ही भावना पैसे देऊन विकत मिळायला लागली. पुढे त्यात रबरी किडे घालूनही विकलं. पण आतला मसाला काय होता? पाणी, गवारीच्या बियांचा डिंक आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स.

गवार तिथे कशी पोचली, ही एक वेगळीच वाट आहे. हे पीक १९०३ मध्ये भारतातून अमेरिकेत गेलं, ते जनावरांचा चारा आणि जमिनीचा कस वाढवणारं पीक म्हणून. बियांकडे फारसं कुणी पाहत नव्हतं. कागद बनवताना लगद्यात घालायला तिकडे कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांचा डिंक वापरत, आणि तो भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांतून यायचा. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा तुटला. पर्याय शोधता शोधता गवारीच्या बीवर नजर पडली. बीच्या सालीखाली जो पांढुरका भाग असतो त्याची पूड पाण्यात टाकली की पाणी मधासारखं दाट होतं, आणि त्यासाठी पूड शेकडा एक भागही पुरते. १९५० च्या दशकात हा डिंक कारखान्यांतून बनू लागला आणि कागदाकडून आइस्क्रीम, सॉस, बेकरी असा खाण्यात शिरला. आजही आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत ‘४१२’ दिसलं तर ती गवार समजा.

म्हणजे पहिल्या स्लाईममधला मुख्य पदार्थ खाण्याजोगाच होता. खाण्याजोगा नव्हता तो दुसरा.

आता थोडं रसायनशास्त्र, फार नाही. गवार गमचा रेणू म्हणजे साखरेच्या हजारो कड्यांची लांबलचक माळ. पाण्यात अशा माळा एकमेकींत गुंततात, म्हणून पाणी दाट होतं. पण नुसत्या गुंत्याचा गोळा होत नाही. बोटांतून तो काकवीसारखा गळून जातो. त्यात टाकणखाराचं पाणी टाकलं की बोरेटचे आयन दोन वेगवेगळ्या माळांना हात देतात आणि पूल बांधतात. गंमत अशी की हे पूल कायमचे नसतात. क्षणात तुटतात, क्षणात दुसरीकडे जुळतात. तुम्ही हळू ओढलंत तर त्यांना तुटून परत जुळायला वेळ मिळतो, म्हणून स्लाईम वाहतं. झटका दिलात तर तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून ते तुटतं. स्लाईमचा सगळा स्वभाव या अस्थिर पुलांत आहे. त्यात थोडं व्हिनेगर टाकून बघा. आम्लामुळे बोरेटचं बोरिक आम्ल होतं, पूल मोडतात आणि पुन्हा काकवी होते. (गालिच्यावर स्लाईम सांडलं असेल तर हीच युक्ती चालते.)

हेच गवार आणि बोरेटचं मिश्रण २०११-१२ मध्ये अमेरिकेत जमिनीखालचे खडक फोडून वायू आणि तेल काढायला इतकं लागलं की राजस्थानात गवारीचे भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी वाढले, आणि मार्च २०१२ मध्ये तिचा वायदेबाजार सरकारला थांबवावा लागला. तेलविहिरीत भरतात ते आणि पोरं खेळतात ते, दोन्हीचं मूळ रसायन एकच. हे विषयांतर झालं, पण माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत ही गोष्ट आहे आणि मला ती सांगायला आवडते.

आता दुसरा पदार्थ. टाकणखार किंवा सवागी हा आपल्याला परका नाही. सोनार डाग देताना तो वापरतात. पारंपरिक पद्धतीचं कुंकू करताना हळकुंडांना लिंबाचा रस आणि सवागी लावतात, त्यातून तो लाल रंग येतो. हळद आणि बोरॉन यांची ही जुनी मैत्री रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायच्या चाचणीतही येते. आणि तोंड आलं की टाकणखाराची लाही मधातून लावायची, हे अनेक घरांत आजही सांगितलं जातं. त्याचा भाऊ, म्हणजे बोरिक पावडर, कॅरमच्या बोर्डावर असते आणि कणकेत साखरेबरोबर मळून झुरळांसाठी कोपऱ्यात ठेवलेली असते. एकाच कपाटात औषध, खेळ आणि विष.

युरोपात हा खार पूर्वी हिमालयापलीकडून जायचा. तिबेट आणि लडाखमधल्या खाऱ्या तळ्यांकाठी तो सापडतो. इंग्रजीतला ‘टिंकल’ हा कच्च्या बोरॅक्ससाठीचा शब्द आपल्या ‘टंकण’शी नातं सांगतो. इतक्या लांबून आलेला माल महाग असणारच. तो कुणी लोण्यात घातला नसता. चित्र बदललं ते एकोणिसाव्या शतकात. आधी इटलीतल्या टस्कनीत गरम वाफेच्या झऱ्यांतून बोरिक आम्ल काढायला लागले, आणि मग कॅलिफोर्नियात बोरॅक्सचे प्रचंड साठे सापडले. १८८० च्या दशकात डेथ व्हॅलीतून खेचरांच्या लांबलचक गाड्या भरून तो बाहेर यायचा. माल उदंड झाला, भाव पडला आणि कंपन्या त्याचे नवे नवे उपयोग जाहिरातींतून सांगू लागल्या. कपडे धुवा, भांडी घासा आणि मांस टिकवा.

शीतकपाटाच्या आधीचा काळ होता तो. कत्तलखाना एका शहरात, गिऱ्हाईक हजार मैलांवर. मांस, लोणी आणि दूध यांवर बोरॅक्स टाकला की ते वास मारत नसे. विक्रेते म्हणत, यात वाईट काय, खनिज तर आहे, मिठासारखंच. खरं सांगायचं तर त्या वेळी याला उत्तर द्यायला कुणाकडे ठोस पुरावा नव्हता.

तो पुरावा मिळवायला हार्वे वायली उभा राहिला. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हा मुख्य रसायनतज्ज्ञ. त्याने संसदेकडून पाच हजार डॉलर मंजूर करून घेतले, वॉशिंग्टनमध्ये आपल्या कचेरीच्या तळघरात स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली थाटली आणि खात्यातले बारा तरुण स्वयंसेवक जमवले. १९०२ च्या अखेरीस पंगत बसली. जेवण फुकट, चांगलं आणि ताजं. अट एकच: इथे मिळेल तेच खायचं, बाहेर काही नाही. त्या जेवणात मोजून बोरॅक्स घातलेला असे. वर्तमानपत्रांनी या मंडळींना ‘पॉयझन स्क्वॉड’ म्हणजे विषपथक असं नाव दिलं आणि ते देशभर गाजलं.

मला यातला सगळ्यात आवडणारा तपशील असा. बोरॅक्स आधी लोण्यात लपवला होता. काही दिवसांत मुलं लोणी टाळायला लागली. मग दुसऱ्या पदार्थांत घालून पाहिला, ते पदार्थही ताटात उरायला लागले. शेवटी वायलीने लपवाछपवी सोडली आणि कॅप्सूल हातात दिल्या. जेवणाबरोबर गिळा. रोज वजन, नाडी, तापमान, आणि लघवी आणि शौचाचे नमुने गोळा करायचे, असं महिनोन्‌महिने. मात्रा वाढत गेली तशी भूक गेली, डोकी दुखायला लागली, पोटं बिघडली. १९०४ साली त्याने अहवाल छापला: तब्येतीने धडधाकट तरुणांनाही रोज थोडा थोडा बोरॅक्स दीर्घकाळ देणं बरं नाही. १९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्न आणि औषधांचा कायदा आला, त्यामागे या पंगतीचाही वाटा होता.

आजच्या नियमांनी पाहिलं तर वायलीचा प्रयोग कच्चा होता. तुलनेसाठी वेगळा गट नाही, आणि कॅप्सूल हातात दिल्यावर कोण काय खातंय हे सगळ्यांनाच माहीत. आमच्या संस्थेच्या नीतिसमितीने तर पहिल्या पानावरच तो परत केला असता. पण त्याने प्रश्न बरोबर विचारला होता. ‘हे खाता येतं का?’ असा नव्हे, तर ‘रोज किती, किती दिवस आणि कुणी?’ असा.

यातल्या ‘कुणी’चं उत्तर मात्र फार वाईट मार्गाने मिळालं. अन्नातून बोरॅक्स हळूहळू हटला, तरी औषधाच्या कपाटात बोरिक पावडर राहिली. जंतू मारते, आग होत नाही, डोळ्यांनाही चालते, म्हणून ती सौम्य समजली जाई. तान्ह्या बाळांच्या लंगोटाच्या जागी पुरळ आलं की हीच पावडर लावत. सोललेल्या त्वचेतून ती अंगात भिनते हे लक्षात यायला वेळ लागला. १९५३ मध्ये बालरोगांच्या एका नियतकालिकात एक लेख आला. त्यात चार रुग्णांची हकिकत होती आणि जगभरच्या वैद्यकीय लेखांतून गोळा केलेल्या १०९ विषबाधांचा आढावा. त्यांत तान्ह्या बाळांचा भरणा मोठा होता.

एवढ्यावर हे संपायला हवं होतं. संपलं नाही. बाळाच्या चोखणीला मध आणि बोरॅक्सचं मिश्रण लावायची पद्धत पाश्चात्त्य देशांत पुढेही चालू होती. तयार मिश्रण बाटलीत मिळायचं. १९७३ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी आणि १९८३ मध्ये आणखी काही डॉक्टरांनी अशा बाळांची हकिकत छापली. दुसऱ्या लेखात सात बाळं होती. सगळ्यांना आकडी येत होती, आणि चोखणीला ते मिश्रण लावणं बंद केल्यावर आकड्या थांबल्या. तारखा बघा. पहिली आणि दुसरी हकिकत यांच्या मधोमध, १९७६ मध्ये, मॅटेलचा हिरवा डबा दुकानात आला.

आपल्याकडची मधातली टाकणखाराची लाही आणि ही चोखणी यांत अंतर आहे. मात्रा वेगळी, दिवस वेगळे, वय वेगळं. शास्त्र जाणणारा वैद्य ती देतो तेव्हा मोजून देतो. पण ‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात’ हा मोजमापाचा पुरावा नाही, आणि तान्ह्या बाळासाठी तर मुळीच नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला नुसता मधसुद्धा देऊ नये, बोटुलिझमच्या धोक्यामुळे. इथे मी ठाम आहे.

स्लाईमवर परत येऊ. १९८० च्या दशकात शिक्षकांनी त्याला वर्गात आणलं. १९८६ मध्ये रसायनशास्त्राच्या शिक्षणाला वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि बोरॅक्स यांच्यापासून स्लाईम करायचा वर्गातला प्रयोग छापून आला. बहुलक शिकवायला याहून मजेदार साधन नाही. पुढे पांढऱ्या गोंदाची पद्धत रूढ झाली, कारण तो घरोघरी असतो. मग २०१६-१७ मध्ये मोबाइलवर स्लाईमच्या व्हिडिओंची लाट आली. अमेरिकेत पांढऱ्या गोंदाचा तुटवडा पडला, इतकी. आपल्याकडेही फेविकॉलचे डबे पोरांनी संपवले.

खेळणं म्हणून विकत मिळतं ते एक, आणि नऊ वर्षांचं मूल स्वयंपाकघरात बोरॅक्सची पूड चमच्याने मोजतंय हे दुसरं. पूड नाकात जाते, हाताला लागते, वाटी धुवायची राहते आणि त्याच वाटीत दुपारी चिवडा येतो. जुलै २०१६ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने पालकांना सांगितलं की बोरिक आम्ल घालून स्लाईमसारखी खेळणी घरी करू नका. त्यांचं म्हणणं साधं होतं: बोरॉन आधीच अन्नपाण्यातून पोटात जात असतो, त्यात विनाकारण भर नको. मोठ्या मात्रेत बोरेट प्रजननक्षमतेवर परिणाम करतात असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका ग्राहक संस्थेने दुकानातली अकरा स्लाईम तपासली. त्यांतल्या आठांतून युरोपच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे किलोला ३०० मिलिग्रॅमपेक्षा, जास्त बोरॉन सुटत होता.

याने घाबरून जाऊ नका. तयार स्लाईमशी तासभर खेळून हात धुतले तर कुणाला विषबाधा होत नाही. पण एक फसवणूक मात्र ओळखून ठेवा. या बातम्यांनंतर ‘बोरॅक्स-फ्री’ रेसिप्यांचं पेव फुटलं. त्यांत गोंद, खायचा सोडा आणि कॉन्टॅक्ट लेन्स धुवायचं द्रावण असतं. त्या द्रावणाच्या बाटलीमागची यादी वाचा. अनेकदा बोरिक आम्ल तिथेच बसलेलं असतं. खायचा सोडा टाकला की द्रावण अल्कधर्मी होतं, बोरिक आम्लाचं बोरेट होतं आणि तेच पूल बांधले जातात. बोरॅक्सचा डबा गेला, बोरॅक्स नाही गेला. माझ्या मते ही रेसिपी उघडपणे बोरॅक्स सांगणाऱ्या रेसिपीपेक्षा वाईट, कारण ती वाचून आई निर्धास्त होते.

आता खाण्याजोगं स्लाईम. गवार गमचे पूल बोरेटशिवाय बांधता येत नाहीत का? प्रयोगशाळेत येतात, पण त्यासाठी लागणारे पदार्थ तुम्ही तोंडात घालणार नाही. खाण्यातला एक पूल बांधणारा म्हणजे कॅल्शियम. समुद्री शेवाळातून काढलेल्या अल्जिनेटला तो घट्ट धरतो, पण इतका घट्ट की साबुदाण्यासारखे मणी होतात, लांबणारा गोळा नाही. म्हणून घरातलं स्लाईम पुलांशिवाय, नुसत्या गुंत्यावर आणि पाणी धरून ठेवण्यावर चालवावं लागतं. शिजवलेला स्टार्च, जिलेटिन (मार्शमेलोत ते असतं, म्हणून शाकाहारी घरात आधी विचारा), सब्जा, ईसबगोल हे सगळे त्याच जातीचे. चिकट रस आपल्याला नवा नाहीच. गुऱ्हाळात उसाच्या रसातली मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस टाकतात, आणि मुंबईचा कॉर्नफ्लॉवरचा हलवा म्हणजे तुपात थांबवलेलं स्टार्चचं जेलच. पण ही स्लाईम खऱ्या स्लाईमइतकी लांबत नाहीत. व्हिडिओत लांबताना दिसली तर एक तर ती गरम आहेत किंवा यादीत काहीतरी सांगायचं राहिलं आहे.

‘खाण्याजोगं’ म्हटल्यावर वायलीचा प्रश्न इथेही लागू होतो, आणि इथे धोका विषाचा नसून घशाचा असतो. १९९० च्या आसपास अमेरिकेत वजन कमी करायच्या गोळ्या विकल्या जात. त्यांत होता आपला निरुपद्रवी गवार गम. पोटात फुगून भूक मारायची, ही कल्पना. काही लोकांच्या बाबतीत गोळी पोटात पोचायच्या आधी अन्ननलिकेतच फुगली आणि रस्ता बंद झाला. औषध प्रशासनाला तो वापर थांबवावा लागला. ईसबगोलाचंही तसंच. २००७ मध्ये तिथे रेचक म्हणून विकली जाणारी ईसबगोलाची कोरडी दाणेदार औषधं याच कारणाने बाजारातून काढली. आणि कोंजॅक नावाच्या कंदाच्या डिंकाची छोट्या कपातली जेली तर मुलांसाठीच होती. ती तोंडात विरघळत नाही, घसरत जाऊन घशात बसते. अनेक देशांत मुलं गेली, आणि २००२ मध्ये युरोपने जेलीच्या गोळ्यांत कोंजॅक वापरायला मनाई केली. या तिन्हीत बोरॅक्सचा कणही नव्हता. तिन्ही पदार्थ अन्नच.

परदेशी पालक म्हणूनच ‘टेस्ट-सेफ’ असा वेगळा शब्द वापरतात. जीभ लागली, बोट चाटलं तर काळजी नको, पण हा खाऊ नव्हे. आपल्याकडे भाषांतरात दोन्हींचं ‘खाण्याजोगं’ होतं आणि मुलाला वाटतं वाटीभर खायचंय. मी ‘चाटलं तर चालेल’ स्लाईम म्हणते.

कच्च्या पिठाचंही सांगून टाकते. पोळ्या करताना हातात दिलेल्या कणकेच्या गोळ्याने आपण सगळेच खेळलो. पण २०१६ मध्ये ई. कोलाय जंतूंमुळे अमेरिकेत कच्च्या पिठाचे मोठे साठे परत घ्यावे लागले आणि मुलांना कच्च्या पिठाच्या गोळ्याशी खेळू देऊ नका असं तिथल्या अन्न प्रशासनाने सांगितलं. पीठ कोरडं असलं तरी निर्जंतुक नसतं. म्हणून चाटायच्या स्लाईममध्ये शिजवलेलंच पीठ.

तर आता करायचंच असेल तर दोन पद्धती.

पहिली ईसबगोलाची. एक कप पाण्यात एक छोटा चमचा ईसबगोलाचं भुसकट घाला, चांगलं ढवळा आणि पाच मिनिटं ठेवा. कोरडं भुसकट मुलाच्या हाती देऊ नका, तेवढं काम तुमचं. मग मंद आचेवर सतत ढवळत राहा. उकळी फुटून वर यायला लागलं की खाली उतरवा, जरा थांबा आणि पुन्हा ठेवा. चार-पाच वेळा असं केलं की ते कडा सोडून एकत्र यायला लागतं. आता रंग: बिटाचा रस शेवटी, आच बंद केल्यावर, नाहीतर तपकिरी होतो. ताटात पसरून पूर्ण गार करा. आतून ते बराच वेळ गरम राहतं आणि चिकट असल्याने भाजलं तर झटकता येत नाही, म्हणून घाई नको. गार झालं की थंडगार, थरथरणारा, ताटातून उचलता येणारा गोळा मिळतो.

दुसरी दुधाची. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, साधारण चारशे ग्रॅम, त्यात एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर गाठी न ठेवता मिसळा आणि मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळा. हे जास्त लांबतं, चव तर काय विचारता, आणि तिथेच गोची आहे, कारण ते सगळं खाल्लं जातं. एका डब्यात दोनशे ग्रॅमच्या वर साखर असते. सहा मुलांत एक डबा पुरे.

चार वर्षांच्या आतल्या मुलाजवळ दोन्ही वेळा स्वतः बसा आणि मोठा गोळा तोंडात जाऊ देऊ नका. हात आधी धुवायचे, नंतरही. दुधाचं स्लाईम त्याच दिवशी संपवा. ईसबगोलाचं फ्रिजमध्ये झाकून दोनेक दिवस राहतं, वास बदलला की टाकून द्या. मुलाने बोरॅक्स किंवा बोरिक पावडर गिळली असेल तर उलटी करवू नका, डबा बरोबर घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा.

आणि उरलेलं ईसबगोलाचं स्लाईम सिंकमध्ये ओतू नका, पाइपात बसतं. कुंडीतल्या मातीत मिसळा. पाणी धरून ठेवतं, आणि हळूहळू मातीतले जीवाणू त्याचा फडशा पाडतात.